शाळा बंद करायच्या आदेशातच ती उघडायची अट लिहा : निर्णय घेणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार. शाळा बंद ठेवायची की उघडायची हे ज्यांच्या सहीने ठरतं त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मंत्री आले, शिक्षण खात्यातले अधिकारी आले, आरोग्य खात्याचे सल्लागार आले, शाळा चालवणाऱ्या संस्थाही आल्या. मी प्राथमिक शाळेत शिकवते, पहिली ते तिसरीचे वर्ग, आणि माझी स्वतःची मुलं शाळेत जातात, त्यामुळे कोविडच्या काळात हा वाद मी दोन्हीकडून ऐकलाय, स्टाफरूममध्ये शिक्षिका म्हणून आणि पालकांच्या ग्रुपवर आई म्हणून, आणि दोन्हीकडे माणसं रडकुंडीला आलेली बघितली आहेत.

आता साथ गेली, विषय संपला, मग आत्ता कशाला असं कोणी म्हणेल. आत्ताच बोलायला हवं म्हणून. साथ चालू असताना कोणी शांतपणे ऐकून घेत नाही, रोज आकडे येत असतात, रोज ओळखीतलं कोणीतरी आजारी पडत असतं, अशा वेळी जे ठरतं ते घाबरून ठरतं. पुढची साथ कधी येईल, कशाची येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण ती येईल तेव्हा पहिल्या काही दिवसांतच तुमच्या टेबलावर सहीसाठी जो कागद येईल तो शाळा बंद करायचा असेल. त्या कागदाबद्दलच मला बोलायचंय.

माझं म्हणणं एकच आहे. ज्या आदेशाने शाळा बंद कराल त्याच आदेशात ती कशी उघडेल तेही लिहा. नुसती तारीख नको, अट लिहा. काय झालं म्हणजे उघडेल, कोण मोजणार, आधी कोणत्या वर्गांना बोलावणार, आणि शाळा बंद असेल त्या दिवसांत तिथे कोणतं काम उरकून घेणार. हे लिहिलेलं नसेल तर त्या कागदावर सही करू नका.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद केल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. त्या एप्रिलमध्ये १९० पेक्षा जास्त देशांत मिळून जवळजवळ १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते असं युनेस्कोने सांगितलं होतं, म्हणजे जगातल्या बहुतेक सगळ्याच शाळा एकदम बंद. विषाणू नवीन, लहान मुलांना किती धोका आहे ते माहीत नाही, मुलं तो घरी नेऊन आजीआजोबांना देतील का ते माहीत नाही, अशा वेळी दार लावून घेणं कोणीही समजू शकतं. तक्रार पुढची आहे. दार लावताना किल्ली कोणाकडे दिली हे कोणी लिहून ठेवलं नाही. ‘पुढील आदेश येईपर्यंत’ एवढंच लिहिलं आणि मग तो पुढचा आदेश काढायची जबाबदारी नेमकी कोणाची, कधी, कशाच्या जोरावर, हे महिनोन्‌महिने कोणालाच कळेना. आरोग्य खातं म्हणायचं शिक्षणवाल्यांनी ठरवावं, शिक्षण खातं म्हणायचं आरोग्यवाल्यांनी हिरवा कंदील दाखवावा, वरून सांगायचं स्थानिक परिस्थिती बघून ठरवा, आणि खालचे वर बघत बसायचे.

हे असं का होतं त्यावर मी खूप विचार केलाय आणि मला वाटतं त्यात कोणाचा वाईटपणा नाहीये, मांडणीच तशी आहे. शाळा उघडली आणि आठवड्याभरात चार मुलं पॉझिटिव्ह आली तर त्याच संध्याकाळी बातमी होते, शाळेचं नाव येतं, कोणी परवानगी दिली त्याचंही नाव येतं. आणि शाळा बंदच राहिली आणि एखादी मुलगी वाचायला शिकलीच नाही तर त्याची बातमी कधीच होत नाही. ते दोन वर्षांनी, पाच वर्षांनी कळतं, तेव्हा सही करणारा अधिकारी बदली होऊन गेलेला असतो आणि ती मुलगी पण कदाचित शाळेतून गेलेली असते. म्हणजे बंद ठेवण्याची किंमत ठरवणाऱ्याला द्यावीच लागत नाही. अशी मांडणी असेल तर कितीही चांगला माणूस त्या खुर्चीत बसवा, तो ‘अजून थोडं थांबूया’ असंच म्हणणार. म्हणून अट आधी, घाबरण्याच्या आधी, लिहून ठेवायची असते, म्हणजे नंतर उघडताना एकट्यादुकट्याला धाडस करावं लागत नाही, ठरलेलं पाळायचं असतं.

थांबल्याने काय झालं ते मी वर्गातलं सांगते, कारण तुमच्यापर्यंत येतात ते तक्ते येतात.

पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवताना ते नुसतं फळ्यावर काढून होत नाही. ‘ळ’ म्हणायला जीभ कुठे न्यायची, ‘ण’ ला ती कशी वळवायची हे मूल तुमच्या तोंडाकडे बघून शिकतं, बघतं, करून बघतं, चुकतं, तुम्ही परत म्हणून दाखवता. मोबाईलच्या स्क्रीनवर चाळीस चौकोनांतला मी एक चौकोन होते, आवाज तुटत तुटत जायचा, सगळ्यांना म्यूट केल्याशिवाय वर्ग चालायचा नाही, आणि म्यूट केल्यावर मूल ‘ळ’ म्हणतंय का ‘ल’ म्हणतंय हे मला कळायचा काही मार्गच नव्हता. पेन्सिल कशी धरली आहे ते दिसत नव्हतं. डोळ्यात पाणी आलंय का ते दिसत नव्हतं. कॅमेरा बंद असायचा कितीतरी जणांचा, त्यातल्या कितीजणांच्या घरी एकच फोन होता आणि तो कामावर गेलेल्या माणसाबरोबर बाहेर होता हे नंतर कळलं.

शाळा उघडल्यावर तिसरीत बसलेला एक मुलगा होता, नाव सांगत नाही. त्याला उभं करून धडा वाचायला सांगितला, त्याने खणखणीत आवाजात पूर्ण पान वाचलं, कुठे अडखळला नाही, मला इतकं बरं वाटलं. मग जवळ गेले तेव्हा बघितलं की तोंड चौथ्या ओळीवर होतं आणि बोट दुसऱ्या ओळीवर. पूर्ण धडा पाठ होता त्याला. घरी मोठी बहीण मोठ्याने वाचायची ते ऐकून ऐकून पाठ केलेला. मधला एक शब्द झाकून दुसऱ्या कागदावर लिहून दिला तर त्याला एक अक्षर लागलं नाही. घरच्यांना वाटत होतं तो छान वाचतो, आणि त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना तो पुस्तक धरून घडाघडा बोलताना दिसत होता. असं मूल शाळेत असतं तर ते महिन्याभरात कुठल्याही शिक्षकाच्या लक्षात आलं असतं, कारण आमचं कामच ते आहे, बोट कुठे आहे ते बघायचं.

ही एका वर्गातली गोष्ट झाली पण मोजलेलं पण तेच सांगतं. नेदरलँड्समध्ये शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या, तिथे घराघरात इंटरनेट, पैशाची अडचण कमी, सगळं जास्तीत जास्त अनुकूल, आणि तिथे बंदच्या आधीच्या आणि नंतरच्या परीक्षा ताडून बघितल्या तेव्हा सरासरी मुलाचं नुकसान शाळेच्या वर्षाच्या पाचव्या हिश्श्याएवढं निघालं, म्हणजे जेवढे आठवडे बंद जवळपास तेवढंच, घरी बसून पुढे काही सरकलेलंच नाही. आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेले त्या मुलांचं नुकसान त्याहून ६० टक्क्यांपर्यंत जास्त. मला या अभ्यासातली ही शेवटची गोष्ट फार लागते. शाळा बंद म्हणजे सगळ्यांना सारखाच त्रास असं आपण म्हणत होतो, तसं नव्हतं. जगभरात किमान ४६ कोटी ३० लाख मुलांना घरून शिकायची काही सोयच नव्हती असं युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं, ना इंटरनेट ना टीव्ही ना रेडिओ. म्हणजे ऑनलाइन चांगलं की वाईट ही चर्चा या मुलांच्या बाबतीत नव्हतीच, त्यांची शाळा नुसती संपली होती.

युगांडात तर मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्ण उघडल्या त्या १० जानेवारी २०२२ ला, मधे काही वर्गांना बोलावलं आणि परत घरी पाठवलं. एवढ्या काळात सहा वर्षांचं मूल आठ वर्षांचं होतं. बारा वर्षांचं मूल कामाला लागतं आणि मग त्याला परत आणणं किती अवघड असतं ते ज्यांनी एकदा प्रयत्न केलाय त्यांना विचारा. आणि हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही हो. २०१४ च्या इबोलाच्या साथीत सिएरा लिओनमध्ये शाळा कितीतरी महिने बंद होत्या, त्या काळात कितीतरी शाळकरी मुली गरोदर राहिल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा तिथल्या सरकारने गरोदर मुलींना शाळेतच यायला बंदी घातली. ती बंदी उठली मार्च २०२० मध्ये. म्हणजे ज्या महिन्यात जगभरच्या शाळा बंद होत होत्या त्याच महिन्यात मागच्या शाळाबंदीचं एक खातं कसंबसं मिटत होतं. हा धडा समोर होता, पण आदेश लिहिताना तो कोणी काढून बघितला असं वाटत नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई ‘काहीही होवो शाळा उघडाच’ म्हणणाऱ्यांतली आहे. नाही. शिक्षकांची भीती खोटी नव्हती आणि ते मी तितक्याच जोराने सांगणार आहे. स्वीडनमध्ये लहान वर्ग आणि माध्यमिकचे खालचे वर्ग चालूच ठेवले होते आणि फक्त वरच्या वर्गांना घरून शिकायला लावलं होतं, त्यामुळे तिथे तुलना करता आली, आणि त्या २०२० च्या वसंतात जे शिक्षक वर्गात जाऊन शिकवत होते त्यांना लागण होण्याचं प्रमाण घरून शिकवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. त्यांच्या नवऱ्याबायकोला पण जास्त झाली. पालकांमधली वाढ मात्र थोडी होती. म्हणजे शाळा उघडण्याचा फायदा मुलांना आणि समाजाला, आणि धोका जास्त करून शिक्षकांना, हे सरळ मान्य करून बोलायला हवं होतं. त्याऐवजी काय झालं, शिक्षकांना घरी बसून पगार घेणारे म्हणून हिणवलं. माझ्या बरोबरच्या एक बाई, साठीला टेकलेल्या, डायबेटिस, घरी आजारी नवरा, त्यांनी फक्त विचारलं की मला काही महिने ऑनलाइनचं काम देता येईल का, तर त्यांना सांगितलं असं एकाला दिलं तर सगळेच मागतील. त्या बाईंनी राजीनामा दिला. इतक्या वर्षांचा हात, पहिलीची मुलं अशी बसवायच्या की बघत राहावं.

आणि पालकांना काय मिळालं, तर संमतीपत्र. माझ्या मुलांच्या शाळेतून आलं होतं, एक पान, की मी माझ्या पाल्याला स्वतःच्या जबाबदारीवर शाळेत पाठवत आहे, काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. ते पान हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसले होते. खिडक्यांचं काय केलं ते त्यात नव्हतं. एका बाकावर किती मुलं ते नव्हतं. वर्गात कोणाला ताप आला तर बाकीच्यांना कळवणार का, कसं, ते नव्हतं. शाळा उघडायच्या तयारीत एकच गोष्ट पूर्ण तयार होती आणि ती म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा कागद. मग ग्रुपवर भांडणं होणार नाहीत तर काय होईल, एक आई म्हणते माझं मूल वेडं होतंय घरात, उघडा, दुसरी म्हणते माझ्या घरात सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, माझ्या घरात काही झालं तर तुम्ही येणार का. दोघी खरं बोलत होत्या. त्या दोघींना एकमेकींच्या अंगावर सोडून देणं हे तुमच्या गप्प राहण्याने झालं.

आता हवेबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ आपण इथे वाया घालवला.

कोविड हवेतून पसरतो, बंद खोलीत बोलण्यातून श्वासातून जे बारीक कण निघतात ते तरंगत राहतात, हे कळकळीने सांगायला जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांना मिळून पत्र लिहावं लागलं. ते पत्र आल्यानंतर सुद्धा कितीतरी शाळांत काय चाललं होतं, तर बाकं पुसणं. फवारणी. गेटवर कपाळाला बंदूक लावून ताप बघणं. जमिनीवर गोल काढणं. हे सगळं दिसतं, फोटोत चांगलं येतं, पाहुण्यांना दाखवता येतं. आणि वर्गाची खिडकी तशीच. मी शिकवते त्या वर्गाच्या दोन खिडक्या रंग देताना फटीत रंग जाऊन बसून चिकटून गेल्या होत्या, कधीच उघडत नव्हत्या, एक उघडायची तिच्यापुढे कपाट होतं. बंदचे सगळे महिने वर्ग रिकामा होता, एक सुतार दोन तासांत त्या खिडक्या मोकळ्या करून गेला असता. आला नाही. का, तर तसा आदेश नव्हता. आदेश सॅनिटायझरचा होता.

मे २०२० मध्ये इस्राएलमध्ये शाळा उघडल्या आणि थोड्याच दिवसांत जेरुसलेमच्या एका हायस्कूलमध्ये १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले. ही बातमी जगभर ‘बघा, शाळा उघडल्या की असं होतं’ म्हणून फिरली. पण तिथे झालं काय होतं ते बघा, एकेका वर्गात पस्तीसच्या वर मुलं, त्याच दिवसांत उष्णतेची लाट आली म्हणून मास्कमधून सूट दिली, आणि एसी सतत चालू. म्हणजे दाटी, बंद हवा, उघडी तोंडं. याच्या उलट डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० लाच, युरोपात सगळ्यांच्या आधी, अगदी लहान वर्ग उघडले. छोटे गट केले, एका गटाने दुसऱ्यात मिसळायचं नाही, बाकं लांब लांब, आणि जमेल तितकं मुलांना बाहेर मोकळ्या हवेत शिकवायचं. लहान मुलं आधी, मोठी नंतर. एकाच वसंतातल्या या दोन गोष्टी आहेत. शाळा उघडल्या एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कशा उघडल्या त्याच्यावर ठरतं, आणि आपण वाद मात्र उघडा की बंद एवढ्यावरच घालत बसलो.

मोकळ्या हवेत वर्ग ही काही कोणाची नवीन कल्पना पण नव्हे. क्षयाच्या भीतीने १९०४ मध्येच बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला जंगलात शाळा भरवली होती, १९०८ मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला तसेच वर्ग सुरू झाले, थंडीत मुलं पांघरुणात गुंडाळून बसायची पण शाळा चालायची. तेव्हा औषध नव्हतं, लस नव्हती, तरी त्यांनी विचार केला की आजार बंद खोलीत पसरतो ना, मग खोली बाजूला करू, शाळा कशाला बाजूला करायची.

आणि ज्यांना मोकळी जागा नाही, सगळी मुलं वर्गातच बसवायला लागतात, त्यांना पण उपाय होते. वर्गातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं, बाहेरच्या हवेत तो दहा लाखाला साधारण ४२० भाग असतो, वर्गात तो ८०० च्या वर चढायला लागला की समजायचं आपण एकमेकांनी सोडलेलाच श्वास परत घेतोय, दारं उघडा, मुलांना थोडा वेळ बाहेर काढा. तिसरीतलं मूल तो आकडा वाचू शकतं, वर्गाचा मॉनिटर ते काम आनंदाने करेल. हवा गाळायचं महागडं यंत्र नसेल तर साधा चौकोनी पंखा आणि चार-पाच फिल्टर टेपने चिकटवून खोका करायचा, रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांनी २०२० मध्येच हे करून दाखवलं आणि नंतर कितीतरी शाळांत मुलांनी स्वतः ते खोके बनवले. यातलं काहीही रॉकेट उडवण्याइतकं अवघड नाही. फक्त कोणीतरी आदेशात लिहायला हवं होतं की अमुक दिवसांत प्रत्येक वर्गाची हवा तपासा, खिडक्या चालू करा, आणि खर्च कुठल्या खात्यातून होईल.

आता एक महत्त्वाचं, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील. कोविडमध्ये लहान मुलं वयस्कर माणसांच्या मानाने बरीच वाचली. काही मुलांना पण गंभीर झाला, काही गेली, त्यांच्या आईवडिलांपुढे आकडे मांडायची माझी छाती नाही. पण एकूणात मुलांना धोका कमी होता. पुढची साथ तशीच असेल हे गृहीत धरू नका. पोलिओने लहान मुलांनाच गाठलं होतं, १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा शाळा उघडायची तारीख पुढे ढकलली होती आणि ते बरोबरच होतं म्हणायचं. पण त्याच न्यूयॉर्कने दोनच वर्षांनी, १९१८ च्या फ्लूमध्ये, शाळा चालू ठेवल्या, शिकागोनेही ठेवल्या. कारण त्यांनी विचार केला की गर्दीच्या कोंदट घरांपेक्षा शाळेत मूल बरं, तिथे रोज शिक्षक त्याच्याकडे बघतो, डॉक्टर तपासायला येतो, कोणी शिंकलं खोकलं तर बाजूला काढता येतं. त्यांच्याकडे शाळांसाठी डॉक्टर आणि नर्सची यंत्रणा आधीपासून होती म्हणून ते जमलं. एकच शहर, दोन साथी, दोन वेगळे निर्णय, आणि दोन्ही वेळा आजार कोणाला धरतोय ते बघून. म्हणून मी ‘कधीच बंद करू नका’ असा नियम मागत नाहीये. मुलांनाच मारणारा आजार आला तर मी माझ्या हाताने वर्गाला कुलूप लावेन. मी म्हणतेय की कशामुळे बंद केलं ते कारण लिहा, आणि ते कारण संपलं की उघडा.

इंग्लंडमध्ये ४ जानेवारी २०२१ ला कितीतरी प्राथमिक शाळा सुट्टीनंतर उघडल्या आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानांनी दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद असं टीव्हीवर सांगितलं. एक दिवस मुलं सगळी एकत्र आली, मिसळली, आणि परत घरी. या एका दिवसाने ना शिक्षण झालं ना साथ थांबली, पालकांचा विश्वास तेवढा गेला. असले धक्के लागतात ते आधी अट ठरलेली नसते म्हणूनच लागतात.

तर त्या आदेशात काय असावं ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगते, तुमच्याकडे माझ्यापेक्षा हुशार माणसं आहेत, ती यात भर घालतील. बंदला मुदत असावी आणि ती मुदत आपोआप संपावी, वाढवायची असेल तर परत कारण लिहून, परत सही करून, लोकांसमोर वाढवावी. म्हणजे आज उघडायला सही लागते तशी उद्या बंद ठेवायला सही लागली पाहिजे, माझ्या मते सगळा फरक यानेच पडेल. उघडताना सगळ्यात लहान वर्ग आधी, कारण त्यांना स्क्रीनवरून शिकवताच येत नाही, आणि त्यांच्याबरोबर ज्यांच्या घरी फोन नाही, ज्यांना शाळेतच एक वेळचं पोटभर मिळतं, ज्यांना घरात मारहाण होते, जी मुलं विशेष गरजांची आहेत, ती सगळी, कुठल्याही इयत्तेतली. २०२० मध्ये ३७ कोटी मुलांचं शाळेतलं जेवण बंद पडल्याचं जागतिक अन्न कार्यक्रमाने सांगितलं होतं, हे पुस्तकाच्या नुकसानीत मोजलंच जात नाही. शाळेच्या आधी हॉटेलं, मॉल, जिम उघडायचे नाहीत. कितीतरी शहरांत ते आधी उघडले आणि मुलांनी ते बघितलं, माझ्या मुलीने मला विचारलं की मॉलमध्ये करोना जात नाही का, मला उत्तर देता आलं नाही. समाजात फिरायची जेवढी सूट आहे त्यातला पहिला वाटा शाळेचा असावा.

लस आली तर शिक्षक, शाळेतले मावशी-काका, बसचे ड्रायव्हर यांना पहिल्या काही गटांत घ्या, आम्हाला कोविड योद्धा वगैरे म्हणू नका, फक्त घ्या. ज्यांना खरोखर आजार आहे त्यांना नोकरी न जाता घरून काम द्या, ते काम भरपूर असतं, मागे पडलेल्या मुलांना फोनवरून एकेकाला वाचून घ्यायचं काम तर आम्हाला कोणी करायलाच नव्हतं. लागण झाली तर लपवणाऱ्या शाळेला शिक्षा आणि सांगणाऱ्या शाळेला मदत असं ठेवा, सध्या उलटं होतं, सांगणाऱ्याची बदनामी होते म्हणून सगळे गप्प बसतात. आणि संमतीपत्र बंद. त्याच्या जागी शाळेने पालकांना पत्र द्यायचं, की आम्ही हे हे केलंय, येऊन बघा.

परत आल्यावरचं पण लिहा. आम्ही शाळेत परतलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रम कुठवर आला त्याचा तक्ता मागितला होता. वाचता न येणाऱ्या मुलाला तिसरीचा इतिहास शिकवून मी तो तक्ता भरला, अजून त्याचं वाईट वाटतं. पहिले दोन-तीन महिने फक्त वाचन, लेखन, साधं गणित आणि मुलांशी बोलणं, एवढंच करू द्यायचं, असं आदेशातच असलं तर आम्हाला वरून कोणी हटकणार नाही.

हा मसुदा आत्ताच करा आणि लोकांसमोर ठेवा. पालक भांडतील, संघटना भांडतील, डॉक्टर म्हणतील असं नाही तसं, भांडू द्या, आता भांडायला वेळ आहे आणि कोणी मरत नाहीये. मुलांना पण विचारा, नववी-दहावीची मुलं फार नेमकं बोलतात, त्यांना त्या दोन वर्षांत एकदाही कोणी विचारलं नव्हतं. आणि मसुदा होईपर्यंत निदान येत्या सुट्टीत एक काम करून घ्या, प्रत्येक शाळेकडून किती वर्ग, किती खिडक्या, त्यातल्या किती उघडतात याची यादी मागवा. त्याला पैसे लागत नाहीत, समिती लागत नाही. साथ नसली तरी मुलांना हवा लागतेच. आमच्या शाळेची यादी मी करून ठेवली आहे, मागाल त्या दिवशी पाठवते.

आपली,
पहिली ते तिसरीला शिकवणारी एक शिक्षिका